बाभळीच्या जागी कोण उभे आहे?

सोलापूरचे रान म्हणजे बाभूळ, हिवर, बोर आणि त्यांच्या मधला गवताळ माळ. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर हेच तगते. बाभळीच्या लाकडाचे औत झाले, तिफण झाली, गाडीची चाके झाली. तिच्या शेंगांवर धनगरांच्या शेरडामेंढरांनी उन्हाळे काढले. आज ओढ्याकाठी आणि गायरानात जुनी बाभूळ शोधावी लागते. तिच्या जागी वेडी बाभूळ माजली आहे आणि वनजमिनींवर उंदीरमारी, म्हणजेच ग्लिरिसिडिया. दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या.

हा बदल आपोआप उलटेल या भ्रमात कोणी राहू नये. शेळी दोन्ही बाभळींच्या शेंगा खाते आणि दोन्हींचे बी लेंडीतून पसरवते. पण गावरान बाभळीचे कोवळे रोप ती ओरबाडते, वेडीच्या पाल्याला तोंड लावत नाही. कुऱ्हाडीचेही तसेच. गावरान बाभूळ बुडातून तोडली की सहसा पुन्हा उभी राहत नाही, वेडी मात्र दुप्पट धुमारे फोडते. म्हणजे चराई आणि तोड, दोन्ही एकाच बाजूने काम करतात. झाडांची जात अशी बदलल्याचे उदाहरण अमेरिकेतही आहे. तिथे १९०४ मध्ये चेस्टनटच्या झाडांवर बुरशी आढळली आणि पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडे गेली. जंगल हिरवेच राहिले, पण ओक आणि मेपलचे झाले. तिथे बुरशी होती. इथे रोपे आपणच लावली, आणि हे अधिक गंभीर आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे जाहीर झाले, पुढे ते सुमारे १,२२२ वर आले. माळढोक पक्ष्याला दूरवर नजर पोचेल असा उघडा माळ लागतो, गवतातले नाकतोडे लागतात. तशा माळावर उंदीरमारी लावली गेली. जनावरे तिला तोंड लावत नाहीत, छाट रोवली तरी फुटते, एवढ्याच गुणांवर तिची निवड झाली. तिच्या दाट सावलीत पवना आणि कुसळी ही गवते मरतात. आज माळढोक क्वचितच दिसतो. काळवीट आणि लांडग्याचे घरही हाच माळ आहे.

धोक्याची घंटा कागदावर वाजत नाही, कारण भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरवर दहा टक्के छत्र दिसले की ते वनाच्छादन धरते, झाड कोणतेही असो. वेडी बाभूळ वाढली तरी अहवाल हिरवाच. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले. जिल्ह्याला आकडा नको, जातवार हिशेब हवा. खड्डे खणण्यापूर्वी वनखात्याने रोपवाटिकेतली यादी जाहीर करावी. माळावर एकही झाड लावू नये, उंदीरमारी मुळासकट काढावी. आणि गायरानात गावरान बाभूळ, हिवर, बोर यांचे बी पेरून पहिली काही वर्षे चराईबंदी राखण्याचा ठराव ग्रामसभांनी या पावसाळ्याआधीच करावा.