शाळेला कुलूप लावणे म्हणजेच खबरदारी?

१९१८च्या इन्फ्लुएन्झात शाळा बंद करणे हाच एकमेव शहाणपणा होता, असे आजही ठासून सांगितले जाते. न्यूयॉर्कचा दाखला तेवढा सोयीस्करपणे गाळला जातो.

अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळांना कुलपे ठोकली, तेव्हा तेथील आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांनी त्या चालू ठेवल्या. शहराच्या माजी आरोग्य आयुक्तानेही त्यांना धारेवर धरले. पण शाळकरी मुले सुमारे १० लाख, आणि त्यांतील बहुसंख्य कोंदट चाळवजा इमारतींत दाटीवाटीने राहणारी! त्यांना घरी पाठवायचे, ते कोणत्या मोकळ्या हवेत?

नियम कडक होते. मुलांनी बाहेर घोळका न करता थेट वर्गात जायचे. शिक्षकांनी रोज प्रत्येकाची पाहणी करायची. लक्षण दिसताच मूल वेगळे काढायचे, आणि घरी विलगीकरणाची सोय नसेल तर रुग्णालयात हलवायचे. १९०८ साली स्थापन झालेल्या, जोसेफीन बेकर यांच्या बाल-आरोग्य विभागाची घडी बसलेली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

न्यूयॉर्कमध्येही हजारो माणसे दगावली, हे खरेच. जिथे शाळांना ना वैद्य, ना परिचारिका, तिथे कुलूप लावणे भागच होते, हेही मान्य. परंतु ते नाइलाजाचे कुलूप होते. शास्त्र म्हणून त्याचे पोवाडे गाणाऱ्यांनी, त्या शहरांनी साथीपूर्वी शालेय आरोग्यावर काय खर्च केला होता, तेवढे तरी तपासावे.