सहलीच्या वहीत प्रकृतीचे एक पान

डिसेंबर लागला की आमच्या कल्याण-डोंबिवलीत सहलीचे बेत शिजू लागतात. कुठे बँकेतले सहकारी, कुठे सोसायटीतली मंडळी, कुठे शाळेतल्या जुन्या मित्रांचा गट. पूर्वी ही मंडळी भंडारदऱ्याला सकाळी जाऊन रात्री परत येत, फार तर एखाद्या विश्रामगृहात उतरत. आता पाण्याकाठी तंबूत मुक्काम, रात्री शेकोटी आणि पहाटे कळसूबाई असा कार्यक्रम ठरून गेला आहे. काहीजण माळशेजच्या रस्त्याने खिरेश्वरला उतरून हरिश्चंद्रगड गाठतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा मुलूख थंडीत फार देखणा असतो. तेव्हा जरूर जावे. प्रत्येक गोष्टीला आडकाठी घालणारा डॉक्टर मी नव्हे.

पण या सहलींचे नियोजन मी जवळून पाहतो, आणि त्यात एक गोष्ट मला नेहमी खटकते. सहल ठरवणाऱ्याच्या वहीत सगळे असते. गाडी कोणाची, वर्गणी किती, शाकाहारी किती, सोमवारचा उपास कोणाला, अगदी पत्त्यांचे कॅट किती न्यायचे हेही. पंचवीस माणसांपैकी कोणाला दमा आहे, कोण इन्शुलिन घेतो, कोणाच्या हृदयात स्टेंट आहे, याची मात्र एक ओळही नसते. विचारले की उत्तर मिळते, ‘‘डॉक्टरसाहेब, सगळ्यांच्या सह्या घेतल्यात, स्वतःच्या जबाबदारीवर येतोय म्हणून.’’ ही सही घेणाऱ्याच्या उपयोगाची. रात्री दोन वाजता तंबूत धाप लागलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

दुसरा प्रकार दाखल्याचा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माणूस दवाखान्यात येतो आणि ‘प्रकृती ठणठणीत’ असा दाखला मागतो. खुर्चीत बसवून रक्तदाब मोजून मी फार तर एवढेच सांगू शकतो, की हा गृहस्थ खुर्चीत बसण्यास योग्य आहे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. पायथ्याच्या बारी गावापासून वर जाताना चढ, मग लोखंडी शिड्या, आणि सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांवर रांग. एरवी घर ते स्टेशन रिक्षाने जाणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने महिनाभर आधी मलंगगडाच्या थोड्या पायऱ्या चढून पाहाव्यात. धाप किती लागते, छातीत काही जाणवते का, थांबल्यावर किती वेळात बरे वाटते, हे त्याचे त्यालाच कळेल. काही जाणवले तर तेव्हा माझ्याकडे यावे. तपासण्या करायला हातात वेळ असतो.

तर माझे म्हणणे असे, की सहलीच्या वहीत एक पान प्रकृतीचे असावे. नाव, वय, जुना आजार, चालू औषधे, कोणत्या औषधाची अॅलर्जी, घरच्या माणसाचा फोन. बस्स. हे पान गटातल्या सर्वांनी वाचायचे नाही. ते एकाकडेच असावे, आणि तो माणूस पोटात गोष्ट ठेवणारा असावा. आपल्याकडे लोक आजार लपवतात, आणि लपवण्याला कारणही असते. फिट येणाऱ्या मुलीला वाटते, कळले तर पुढच्या सहलीला कोणी नेणार नाही, शिवाय चार ठिकाणी बोलणे होईल. मग ती गोळी बाथरूममध्ये जाऊन घेते, नाहीतर मैत्रिणींसमोर नको म्हणून त्या दिवशी टाळते. रात्रभर जागरण आणि चुकलेली गोळी, फिट येण्यास याहून दुसरे निमित्त लागत नाही. आणि तिला फिट आली, की भोवतालचे पंचवीस लोक तोंडात चमचा घालायला, कांदा हुंगवायला धावतात. तोच एकाला ठाऊक असते, तर तिला कुशीवर वळवून, डोक्याखाली काही मऊ देऊन, घड्याळ बघत बसला असता. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांवर गेला तर मात्र दवाखाना गाठावा लागतो. म्हणून विचारताना सूर चौकशीचा नको, सोयीचा हवा. ‘‘तुला न्यायचे की नाही हे ठरवायला नव्हे, तुझ्यासाठी काय बरोबर घ्यायचे ते कळायला विचारतोय,’’ असे आधीच सांगून टाकावे, आणि ते खरेही असावे.

मधुमेहींचे प्रश्न सहलीत फार वेगळे होतात. घरी नऊला जेवणारा माणूस तिथे गाण्याच्या नादात बाराला जेवतो. गोळी किंवा इन्शुलिन मात्र वेळेवर घेतलेले असते, आणि दिवसभर चालणेही झालेले असते. साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बडबड. एकतीस डिसेंबरची रात्र असेल तर मित्र म्हणतात, याला जरा जास्त झाली, झोपू द्या. असा माणूस झोपू देण्याचा नव्हे. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात हलवावे. त्याने मद्य खरोखरच घेतले असेल तर धोका वाढतो, कारण मद्यामुळे साखर आणखी उतरू शकते.

हृदयाबद्दल एवढेच सांगतो. चढताना येणारे आणि थांबले की जाणारे छातीचे, जबड्याचे किंवा डाव्या हाताचे दुखणे हे हृदयाचेच समजावे. ते ‘गॅस’ आहे हे ठरवण्याची जागा कळसूबाईची शिडी नाही. आणि अशा माणसाला ‘‘तुम्ही इथे बसा काका, आम्ही वर जाऊन येतो,’’ असे सांगून पुढे जाणारे गट मी ऐकून आहे. ही गोष्ट मला माणुसकीला सोडून वाटते. दोघांनी त्याच्याबरोबर थांबावे, गावातल्या लोकांची मदत घेऊन त्याला उचलून खाली आणावे. परत फिरण्याचा शब्द कोणाचा, हे कल्याण सोडण्यापूर्वीच ठरलेले असावे. तिथे बहुमत घेत बसू नये.

आता थंडी. उंची दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी हवा थंड करते. कल्याण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, तेव्हा आपण अंगावर शाल घेतो त्या दिवशी कळसूबाईच्या माथ्यावर दहा अंश तरी कमी धरून चालावे, वारा वेगळा. ओले कपडे त्याहून वाईट. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर पावसात वाट चुकलेल्या पुण्याच्या गटातला एकजण थंडीने गारठून दगावला, तोही ऐन पावसाळ्यात. हिवाळ्यात पाऊस नसला तरी चढताना घामाने भिजलेला बनियन तेच काम करतो. वर पोचताच तो बदलावा. झोपताना पांघरुणाइतकेच अंथरूण महत्त्वाचे, कारण अंगातली ऊब जमीन ओढून घेते. तंबूत दोन ब्लँकेटे असतील तर मी एक खाली घालीन. गारठलेल्या माणसाची थरथर थांबली आणि तो गप्प, सुस्त झाला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नये. तो अधिक धोक्यात आहे. कोरडे कपडे, पांघरूण, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा. ब्रँडी नको. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, ऊब वाटते आणि शरीर आतून आणखी गार होते.

आणि शेगडी. हा सगळा लेख ज्यासाठी लिहायला घेतला ती ही गोष्ट. रात्री शेकोटी विझत आली की कोणीतरी निखारे घमेल्यात भरून तंबूत नेतो. धूर नाही, ज्वाळा नाही, छान ऊब आहे. थंडी म्हणून तंबूच्या साऱ्या चेनी बंद. धूर नसलेल्या या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड वायू भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते. दिवसभर चालून दमलेल्या माणसाला हे सगळे स्वाभाविक वाटते आणि तो झोपून जातो. २०२० च्या जानेवारीत केरळमधून नेपाळला फिरायला गेलेल्या दोन कुटुंबांतले आठजण दामन येथील हॉटेलात एका रात्रीत गेले. त्यांत चार मुले होती. खोलीत गॅसचा हीटर होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. ती तर पक्क्या भिंतींची खोली होती. तंबू त्याहून किती लहान!

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण करोनाच्या साथीनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर आले आहे. या विषबाधेत ते फसवते. प्राणवायू चिकटलेले रक्त आणि हा वायू चिकटलेले रक्त यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असला तरी आकडा अठ्ठ्याण्णव दिसू शकतो. तेव्हा एका तंबूतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर आकडा न बघता सर्वांना आधी उघड्या हवेत आणावे आणि प्राणवायू मिळेल अशा दवाखान्यात न्यावे. कोळशाची शेगडी, निखारे, गॅसचा स्टोव्ह यांपैकी काहीही तंबूत नाही. ‘जरा वेळच’, ‘चेन थोडी उघडी ठेवून’ अशा सवलतीही नाहीत. तंबू भाड्याने देणारा स्वतः शेगडी आणून देऊ लागला, तरी परत करावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. धरणाचे पाणी उकळूनच प्यावे. अर्धवट भाजलेल्या कोंबडीपेक्षा गावातल्या चुलीवरची भाकरी-पिठले पोटाला बरे, आणि चवीलाही. सकाळी बूट झटकून घालावेत. विंचवाचा दंश किरकोळ समजू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे त्यावर प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध मिळाले आणि कोकणातले कितीतरी प्राण वाचले, पण ते वेळेत दवाखाना गाठणाऱ्याचे. साप चावल्यासही तेच. चिरणे, बांधणे, चोखणे यात वेळ घालवू नये. दम्याच्या रुग्णाने आपला पंप पिशवीत नव्हे, खिशात ठेवावा, आणि शेकोटीच्या धुराच्या उलट बाजूला बसावे.

त्या पानाची एक प्रत कल्याणात, सहलीला न गेलेल्या कोणाकडे तरी ठेवून जावे. किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हेही त्यावर लिहावे. २०१८ च्या नोव्हेंबरात आमच्या कल्याणकडचाच वीसेक जणांचा गट हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अंधारात अडकला होता. गिर्यारोहक आणि गावकरी मदतीला गेले आणि मंडळी सुखरूप परतली. डोंगरात फोनला रेंज असेलच असे नाही. १०८ ची रुग्णवाहिका फोन लागला तर येते, आणि तीही रस्त्यापर्यंतच. घोटी, राजूर किंवा अकोले यांपैकी जवळचा सरकारी दवाखाना कोणता, हे तंबू ठोकण्यापूर्वी गावात विचारून घ्यावे.

त्या पानावर आणखी एक नाव लिहायचे बहुतेकजण विसरतात, ते गाडीच्या चालकाचे. त्यालाही मधुमेह असू शकतो, रक्तदाब असू शकतो. मंडळी तंबूत झोपतात, तो गाडीत आडवा होतो. थंडी वाजली की काचा लावून इंजिन चालू ठेवतो, आणि तिथेही तोच वायू भरू शकतो. रात्रभर शेकोटीभोवतीच्या गाण्यांनी त्याचा डोळा लागत नाही, आणि रविवारी संध्याकाळी कसारा घाट उतरताना तुम्ही सारे मागे गाढ झोपलेले असता. त्याच्यासाठी एक अंथरूण आणि निदान सहा तासांची शांत झोप वर्गणीत धरा. आणि निघताना एकाने त्याच्या शेजारी जागे बसावे.