छायाचित्रकाराचे देणे

पुरोहिताची दक्षिणा मंडपातच दिली जाते. सभागृहाचे भाडे आगाऊ भरावे लागते. मग छायाचित्रकाराचेच पैसे ‘आल्बम आल्यावर पाहू’ म्हणून का अडवावेत, असा आमचा सरळ प्रश्न आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे बहुधा विवाह होत नाहीत. त्या काळात त्याची मिळकत बंद. दुकानभाडे व कर्जाचा हप्ता मात्र चालूच! पुढे एकेका मुहूर्तावर अनेक कार्ये येतात, पण त्याला स्वतः उभे राहता येते एकाच मंडपात. राखलेली तारीख यजमानाने ऐन वेळी मोडली, तर तो दिवस बुडालाच. शिवाय १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क काढविणाऱ्याचा ठरतो. छायाचित्रकाराच्या पदरी उरतो तो केवळ मोबदला, तोही थकवायचा?

यजमान म्हणतील, पैसे दिले की आल्बम रखडतो. तक्रार रास्त आहे. म्हणूनच लेखी करार हवा. आल्बमची मुदत त्यात लिहावी, तारीख ठरताच निम्मी रक्कम द्यावी, उरलेली कार्याच्या दिवशी चुकती करावी. देवाच्या साक्षीने झालेल्या मंगलकार्यावर कोणाचे देणे राहावे, हे आपल्या समाजास शोभत नाही.