झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मुठीत काय आहे हे जोवर कोणास दिसत नाही, तोवर तिचा मान राहतो, असा तिचा भावार्थ. पुष्कळ व्यवहारांत ही म्हण खरी ठरते. परंतु जेथे आपला पैसा, आपली खासगी पत्रे आणि प्रसंगी रुग्णांचे प्राणदेखील एखाद्या यंत्राच्या स्वाधीन केलेले असतात, तेथे ती कितपत खरी मानावी, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

संगणक किंवा मोबाइल स्वतःच्या बुद्धीने चालत नाही. त्यास चालवणाऱ्या आज्ञा माणसांनी लिहिलेल्या असतात. यांपैकी जी मूलभूत आज्ञावली यंत्राचा सर्व कारभार पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. काही कंपन्या आपल्या आज्ञावलीची मूळ संहिता गुप्त ठेवतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही सिस्टिम अशांपैकीच होय. याउलट, लिनक्सची संहिता सर्वांस खुली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती लिहावयास घेतली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तीत भर घातली. आपल्या घरातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीही हेच लिनक्स आहे.

आता दोन पक्ष उभे राहतात. पहिला म्हणतो, “संहिता उघडी ठेवणे म्हणजे घराचा नकाशा चोराच्या हाती देणे होय.” दुसरा म्हणतो, “संहिता उघडी असली की हजारो जाणती माणसे ती वाचतात, म्हणून दोष लपून राहू शकत नाही. अर्थात उघडी संहिताच अधिक सुरक्षित.” या दोन्ही म्हणण्यांत काही सत्य आहे, पण पूर्ण सत्य एकातही नाही.

प्रथम पहिला पक्ष पाहू. ऑगस्त केर्कहॉफ्स हे पॅरिसमधील भाषांचे एक अध्यापक होते. गुप्तलेखनावरील आपल्या निबंधात १८८३ साली त्यांनी असा सिद्धांत मांडला, की गुप्तलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येऊ नये. गुप्त ठेवायची ती केवळ किल्ली. कुलूप कसे बनवतात हे ठाऊक होताच जे उघडते, ते कुलूप कसले? हा सिद्धांत आजही प्रमाण मानला जातो. शिवाय नकाशा लपवल्याने चोर थांबतो असेही नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या एका उपद्रवी आज्ञावलीने सुमारे १५० देशांतील संगणक ग्रासले. त्यांवरील माहिती तिने कुलूपबंद केली आणि ती सोडवण्यासाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांत रुग्णांना परत पाठवावे लागले. ज्या दोषाचा लाभ तिने घेतला, तो विंडोजमधील होता. संहिता झाकलेली होती, तरी दोष झाकला गेला नाही. परंतु हेही विसरता कामा नये, की मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरील दुरुस्ती त्याच वर्षी मार्च महिन्यात दिलेली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांचे संगणक या संकटातून वाचले.

आता दुसरा पक्ष. बिरबलाची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. प्रत्येकाने रात्री हौदात एकेक घागर दूध ओतावे, अशी आज्ञा झाली. इतक्या दुधात आपले घागरभर पाणी कोणाला कळणार, असे प्रत्येकाने मनात म्हटले आणि सकाळी हौद पाण्यानेच भरलेला दिसला. खुल्या संहितेचेही कधी कधी असेच होते. ‘ओपनएसएसएल’ नावाची एक खुली आज्ञावली संगणकांमधील संभाषण गुप्त राखण्याचे काम करते. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांत ती असते. २०१२ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध झालेल्या तिच्या आवृत्तीत एक गंभीर चूक शिरली. त्या चुकीमुळे दूरवरच्या माणसास यंत्राच्या स्मृतीतील गुप्त मजकूर वाचता येत असे. संहिता जगापुढे उघडी होती. पण एप्रिल २०१४ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे, ही चूक जाहीर झाली नाही. मोठमोठ्या कंपन्या ही आज्ञावली वापरत होत्या, पण तिची निगा राखणारे लोक मूठभर होते. दुसरा कोणी वाचत असेल, असे जो तो समजत राहिला. पुस्तक ग्रंथालयात ठेवले म्हणून ते वाचले गेले, असे थोडेच होते?

तिसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. ‘एक्सझेड’ नावाची एक लहानशी खुली आज्ञावली आहे. माहिती दाबून तिचा आकार लहान करणे हे तिचे काम. ती मुख्यतः एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळत. ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना साहाय्य केले, त्यांचा विश्वास संपादन केला आणि २०२४ च्या आरंभी त्या आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसवला. तो चाचणीच्या फायलींत इतक्या कौशल्याने दडवला होता, की वाचणाऱ्यास सहज दिसू नये. परंतु आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की आपल्या यंत्रात दुरून प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागत आहे. दुसऱ्या कोणी ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिले असते. फ्रॉइंड यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो चोरदरवाजा जगापुढे आणला. तोवर तो लिनक्सच्या बहुतेक स्थिर आवृत्त्यांत पोहोचला नव्हता. म्हणून मोठा अनर्थ टळला.

या घटनेत दोन्ही गोष्टी दिसतात. उघडेपणामुळेच एका परक्या माणसास आत शिरण्याची संधी मिळाली. पण त्याच उघडेपणामुळे फ्रॉइंड यांना कोणाच्याही परवानगीवाचून मुळापर्यंत शोध घेता आला आणि त्यांना आढळलेली गोष्ट इतरांना पडताळून पाहता आली. संहिता बंद असती, तर आपली शंका कंपनीस कळवून उत्तराची वाट पाहण्यापलीकडे त्यांच्या हाती फारसे काही उरले नसते.

म्हणून माझे मत असे आहे, की खुली सिस्टिम केवळ खुली असल्यामुळे सुरक्षित ठरत नाही. उघडेपणा हा पहारा नव्हे. पहारा करण्याची ती केवळ मुभा होय. पगारी तज्ज्ञांकडून नीट तपासली जाणारी बंद सिस्टिम ही कोणीही न वाचलेल्या खुल्या सिस्टिमपेक्षा अधिक भरवशाची असू शकते. तरीही दोहोंतून एक निवडावयाची झाल्यास मी खुलीच निवडीन. कारण बंद सिस्टिमवर विश्वास ठेवताना बहुतेकांना दुसऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. खुल्या सिस्टिमच्या बाबतीत मात्र तो शब्द पारखून घेण्याचा अधिकार प्रत्येकाकडे राहतो. जो अधिकार वापरलाच जात नाही, तो असून नसल्यासारखा होतो, हे मात्र खरे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे अशा संहिता लिहितील. सर्वांनाच ते जमेल असे नाही; पण घरातील फोनवर दुरुस्तीची सूचना आली असता ती पुढे ढकलू नये, एवढे तर आपणा सर्वांस करता येईल. आणि एखादी गोष्ट रोजच्यापेक्षा किंचित निराळी वाटली, तर ‘असे का?’ हा प्रश्न विचारण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नसते. मूठ झाकलेली असो वा उघडी, तिच्यात काय आहे हे पाहण्याची तसदी कोणीतरी घेतलीच पाहिजे.