अक्षरांची उंची आणि अक्षरांची प्रतिष्ठा

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि पाटीवरील मराठी अक्षर अन्य लिपीतील अक्षरापेक्षा लहान असता कामा नये, असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. आमच्या सोलापुरातही पाट्या बदलल्या. अक्षरे मोठी झाली. ती देखणी झाली काय, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. नवी पेठेतून किंवा होटगी रस्त्याने जाताना सराफी पेढ्यांच्या आणि उंची वस्त्रांच्या दालनांच्या पाट्या पाहाव्यात. रोमन लिपीतील नाव अत्यंत डौलदार असते, जाड उभ्या रेघा आणि केसासारख्या बारीक आडव्या रेघा असलेले. शेजारी तेच नाव मराठीत, संगणकात जे हाती लागले त्या वळणात लिहिलेले असते. उंची समान आहे, प्रतिष्ठा समान नाही.

या रोमन वळणाला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फर्मिन दिदो आणि इटलीतील पार्मा येथे जाम्बात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) यांनी ते सिद्धीस नेले. गुळगुळीत कागद आणि नेमकी छपाई यांखेरीज त्या बारीक रेघा टिकत नसत. म्हणून हे अक्षर आरंभापासूनच खर्चिक ग्रंथांचे अक्षर ठरले. पुढे 'व्होग', 'हार्पर्स बझार' यांसारख्या मासिकांनी आपल्या शीर्षकांसाठी याच घराण्यातील अक्षरे स्वीकारली आणि जाड-बारीक रेघांचा हा विरोध श्रीमंतीची खूण होऊन बसला. हे वळण मोठ्या आकारासाठी आहे. पानभर मजकूर त्यात लावला, तर बारीक रेघा विरून जातात आणि डोळा शिणतो.

मग देवनागरीलाही असा पोशाख चढवावा काय? येथे लिपीचा स्वभाव आड येतो. देवनागरीचे पारंपरिक वळण तिरक्या कापलेल्या बोरूतून घडले. लेखणीचे टोक साधारण पंचेचाळीस अंशांत धरले की उभा दंड आणि आडवी शिरोरेषा जवळजवळ सारख्याच जाडीच्या उतरतात. जाड-बारीकपणाचा खेळ चालतो तो वळणांत, तिरप्या रेघांत आणि गाठींत. बोदोनीचा न्याय याहून वेगळा आहे : उभे ते जाड, आडवे ते बारीक. तो जसाच्या तसा लावला तर शिरोरेषा केसाएवढी होते, आणि शब्दाला एकत्र बांधणारी रेघच दुबळी पडते. तेव्हा केवळ अनुकरणाने हे साधणारे नाही. इंडियन टाइप फाउंड्रीसाठी टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांनी २०१४ साली केलेला 'रोझा वन' हा मुक्त फाँट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्यात देवनागरी आणि रोमन अक्षरे एकत्रच विकसित केली गेली आणि देवनागरीतील गाठी केसाएवढ्या बारीक ठेवल्या गेल्या. प्रयत्न धाडसी आहे; पण एका फाँटने परंपरा उभी राहत नाही.

मराठीला अक्षरसौंदर्याची परंपरा नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी घडविलेल्या खिळ्यांनी देवनागरी छपाईचा मानदंड निर्माण केला. पुढच्या काळात कमल शेडगे (निधन २०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींतून दाखवून दिले की नुसत्या अक्षरांच्या घडणीतून नाटकाची प्रकृती सांगता येते. परंतु ती अक्षरे हातची होती, त्या-त्या नावापुरती. पाटी रंगविणाऱ्याच्या किंवा लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या हाती रोमन लिपीचे शेकडो डौलदार फाँट असतात, मराठीसाठी थोडेच. कारणेही उघड आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये काहीशे आकृत्या घडवाव्या लागतात, आणि त्यासाठी पैसे मोजणारे गिऱ्हाईक विरळा. त्यातही मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' अनेक फाँटमध्ये हिंदी वळणाने उमटतो. राज्य शासनाने २००९ साली ही रूपे निश्चित केली, तरी पाट्यांवर ती अभावानेच दिसतात.

कोणी म्हणेल, शाळा बंद पडत असताना ही चैन कशाला? आक्षेप गंभीर आहे. पण आमच्या मते दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. सूचना, नियम, दंडाची रक्कम हे मराठीत. ज्याची हौस वाटावी, ज्यासाठी पैसे साठवावेत, ते रोमन अक्षरांत, अशी वाटणी विद्यार्थी रोज रस्त्यावर पाहतो. वर्गात आम्ही भाषेच्या वैभवाविषयी कितीही बोललो, तरी ही वाटणी त्याच्या मनावर अधिक ठसते. कापडाचा पोत आणि नक्षी यांची पारख असलेले हे गाव आहे. जेकार्ड मागावर चादरीत नाव विणायचे तर धागा ज्या पायऱ्या पाडतो, त्यांना धरूनच अक्षर बसवावे लागते, हे येथील विणकराला ठाऊक असते. माध्यमाचा स्वभाव ओळखून अक्षर घडविण्याची ही समज पाटीपर्यंत पोहोचलेली नाही, एवढेच.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लिपीचा उगम शिकविला जातो, तसे मुद्राक्षरांचे वळणही शिकवावे. महाविद्यालयीन वार्षिकांकाचे शीर्षक कोणत्या अक्षरात असावे, याची चर्चा संपादक मंडळाने करावी, ते छापखान्यावर सोडू नये. आणि ज्या व्यापाऱ्याने रोमन नावासाठी कलावंताला पैसे दिले, त्याने मराठी नावासाठीही द्यावेत. कायदा अक्षराची उंची मोजू शकतो. त्याचे वळण पारखण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांचे आहे, आणि ते आपण अद्याप हाती घेतलेले नाही.