फ्लेक्स बघू नका, पट बघा

दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत फ्लेक्स झळकतात : '१०० टक्के निकाल'. त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या माध्यमिक शाळेचा निकाल ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबलेला असतो आणि पालक दाखले काढायला निघतात. त्यांना कळकळीचं सांगणं आहे, दाखला काढण्याआधी दोन्ही शाळांत एकच प्रश्न विचारा : गेल्या वर्षी नववीच्या पटावर किती मुलं होती आणि त्यांतली किती यंदा दहावीला बसली?

समजा, एका शाळेत नववीला ६० मुलं होती. कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून सांगितलं गेलं, "याचं काही खरं नाही. दाखला घेऊन जा, १७ नंबरचा फॉर्म भरा." दहावीला बसली ४१, पास झाली ४१. निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेनं ६० पैकी ५८ जणांना बसवलं, ५० पास झाली. निकाल ८६ टक्के. दुसऱ्या शाळेतून ९ मुलं जास्त पास झाली, तरी नावं तिलाच ठेवली जातात. १७ नंबरचा फॉर्म आहे तो शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा देता यावी म्हणून. रोज शाळेत येणाऱ्या पोराला बाहेर काढायला तो वापरणं हा सरळसरळ अन्याय आहे.

नुसती टक्केवारी किती फसवी असते ते राज्याच्या निकालातही दिसलं. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा विषयांचे शाळेकडचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि तो ७७.१० वर आला. गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० मध्ये तो ९५.३० वर गेला. एवढ्या काळात मुलं काही ढ होऊन पुन्हा हुशार झाली नव्हती.

म्हणून वर्गात कोण बसतं ते बघा. बीडकडच्या एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडला, तर दिवाळीनंतर काही नावांपुढं गैरहजेरीच्या खुणा सलग धावत जातात. ती ऊसतोड मजुरांची मुलं. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले, पोरंही मागोमाग गेली, ती परततात हंगाम संपल्यावर. तोवर दहावीची परीक्षा होऊन गेलेली असते. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शिकवते. तिथं येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरात शिकवणीची फी परवडत नाही आणि अभ्यासाला वेगळा कोपराही नसतो. अशा घरातलं मूल ५५ टक्के मिळवतं, तेव्हा त्यामागं शिक्षकाचे कष्ट असतात. ते कष्ट फ्लेक्सवर येत नाहीत.

शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, घेतला, तर पटसंख्या, मुली किती, शिक्षक किती, हे सारं यू-डायसच्या संकेतस्थळावर बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. त्यात गणित-विज्ञानाचा शिक्षक खरोखर आहे का, हे मात्र शाळेत जाऊनच विचारावं लागेल. निकाल कमी असण्याचं कारण पुष्कळदा शिक्षकाच्या त्या रिकाम्या जागेत सापडतं.

आणि ज्यांना बोलता येतं, भांडता येतं, अशा पालकांनी तरी पहिल्या फटक्यात शाळा सोडू नये. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं आणि मागं राहिलेल्या मुलांचं नुकसान दुप्पट होतं. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, असं कायदाच सांगतो. त्या बैठकीला जा, आणि रिकाम्या जागेचं विचारा.

नववीच्या पालकांना एवढं सांगतो : 'बाहेरून बसवा' असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथं सही करू नका. म्हणणं लेखी मागा. लेखी देत नसतील, तर जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, पोच घ्या. मूल दहावीत नापास झालंच, तर पुरवणी परीक्षा आहे, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो.