काचेच्या पेटीनंतर

दरवर्षी १७ नोव्हेंबरला जगभर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दिवस पाळला जातो. साधारण त्याच सुमारास, दिवाळी आटोपली की, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली अनेक कातकरी कुटुंबे पाड्यावरची घरे बंद करून वीटभट्ट्यांकडे निघतात. मालकाकडून घेतलेली उचल फेडायची असते. परतणे होते ते पावसाळ्याच्या तोंडाशी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या घरात सातव्या महिन्यातले बाळ जन्मले आहे, त्या घरापुरता हा संबंध फार जवळचा आहे.

गरोदरपणाचे ४० आठवडे धरले, तर ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे मानतात. ३२ आठवड्यांच्याही आधी आलेले मूल अधिक जोखमीचे. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अशी मुदतीआधी जन्मली आणि त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतात, असा आंतरराष्ट्रीय संस्थांचा अंदाज आहे. प्रत्येक वेळी कारण सापडतेच असे नाही. पण कोवळ्या वयातले बाळंतपण, अंगात रक्त कमी असणे, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे, उपचाराविना राहिलेला जंतुसंसर्ग ही ओळखीची कारणे आहेत, आणि आदिवासी पाड्यांना ती नवी नाहीत.

एके काळी अशी बाळे क्वचितच जगत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली, तेव्हा ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्या देशभर त्याच धर्तीवर काम करू लागल्या. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल, तर पहिल्या ४२ दिवसांत त्यांनी सहा वेळा घरी जायचे असते. मोठ्या सरकारी रुग्णालयांत नवजात शिशूंचे विशेष कक्ष आले. आता दीड किलोचे बाळही काचेच्या पेटीतून सुखरूप घरी येते. ‘बाळ वाचले’ म्हणून सर्वांना हायसे वाटते, आणि तिथेच आपले लक्ष संपते.

बाळाचे काम मात्र पुष्कळ उरलेले असते. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ झपाट्याने होते. लोहाचा मोठा साठाही त्याच काळात आईकडून मिळतो. लवकर आलेल्या मुलाला हे सारे बाहेरच्या जगात भरून काढावे लागते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मधल्या, जन्मतः दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. बहुतेकांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेतच होती, ही दिलाशाची गोष्ट. तरीही सहाव्या आणि बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक बरोबरीच्या मुलांपेक्षा सात-आठ गुणांनी कमी भरला. लेखन आणि गणितात अडचणी दिसल्या. अपुऱ्या दिवसांची असून त्या दिवसांच्या मानानेही हडकुळी जन्मलेली मुले सर्वांत मागे राहिली. आईचे शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचाही प्रभाव दिसला. याचा अर्थ, सगळे काही जन्मवेळीच ठरून जात नाही.

म्हणून पहिल्या दोन वर्षांतल्या साध्या गोष्टींना मोल येते. त्यांतली पहिली, वय मोजण्याची. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले मूल सहा महिन्यांचे झाले, तरी दहा आठवडे वजा करता ते पावणेचार महिन्यांचेच असते. ते बसत नाही म्हणून आईला बोल लावणे चुकीचे. आणि हिशेब करूनही मान धरत नसेल, हातपाय कडक वाटत असतील, तर ‘सातव्यातले आहे, होईल हळूहळू’ म्हणत थांबणेही तितकेच घातक. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत व्हावी लागते, फारच लहान बाळाची त्याहून आधी. दोष वेळीच सापडला तर लेझरने नजर वाचू शकते. वरून डोळे छानच दिसतात, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही.

तिसरी गोष्ट ऊब आणि दूध. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तीही साधनांच्या टंचाईतून. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच असे केल्यास मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने घटतात, असे त्यात आढळले. चोखण्याची ताकद येईपर्यंत आईचेच दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायचे, पुढे लोहाचे थेंब द्यायचे, आणि वजनाबरोबर डोक्याचा घेरही मोजत राहायचा. यातल्या कशालाही महागडे यंत्र लागत नाही.

लागते ती आई जवळ असणे आणि कोणीतरी येऊन पाहणे. भट्टीवर नवरा-बायको जोडीने राबतात; जितक्या विटा पाडल्या तितका हिशेब. तिथे बाळाला छातीशी धरून कोण बसणार? शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण डोळ्यांची किंवा मेंदूच्या वाढीची तज्ज्ञ तपासणी म्हणजे बहुधा कल्याण, उल्हासनगर, ठाणे किंवा मुंबई. मुरबाडला तर रेल्वेही नाही. अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि उचल मात्र तशीच राहते. पाड्यावरची ‘आशा’ ठरल्या दिवशी येते, तेव्हा घराला कडी असते.

उपाय अवघड नाहीत. काचेच्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कागदावर जन्मतारखेशेजारी बाळंतपणाची अपेक्षित तारीख ठळक लिहावी. डोळ्यांची पहिली तपासणी शक्यतो घरी सोडण्यापूर्वीच उरकावी. स्थलांतरितांच्या आहाराचा आणि लसींचा माग ठेवण्याचे प्रयत्न राज्यात झाले आहेत. त्याच नोंदीत या बाळांची एक ओळ वाढवावी, म्हणजे भट्टीच्या गावातली ‘आशा’ त्यांना शोधू शकेल. आणि अशा बाळाच्या आईला निदान पहिले सहा महिने भट्टीवर जावे लागू नये, एवढी बुडीत मजुरी सरकारने भरून द्यावी. शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचे पाणी रोज मुंबईच्या घराघरांत पोचते. त्याच तालुक्यातल्या दीड किलोच्या बाळापर्यंत दोन वर्षे पोचत राहणे या राज्याला जड जाऊ नये.